ढील

दिंडोरीहून वणीला जाणारा रस्ता आमच्या मळ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. माझ्या लहानपणी या रस्त्यावर सायकल दिसली तर ती दूधवाल्याची, पोस्टमनची, नाहीतर हायस्कूलच्या पोरांची. आता रविवारी उजाडायच्या आत नाशिकची माणसं सायकली मारत येतात. त्यात डॉक्टर असतात, वकील असतात, सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले साहेब असतात. दारात चारचाकी उभी असताना ही माणसं घाम गाळत वणीपर्यंत येतात, चहा पितात आणि परत जातात. ज्या सायकलीपासून सुटका व्हावी म्हणून आम्ही मोटारसायकलीचं कर्ज काढलं, त्या सायकलीला यांनी लाखा-लाखाचा भाव आणून ठेवला.

आमच्या पारावर सुरुवातीला याची चेष्टा व्हायची. मग 2015 साली पेपरात बातमी आली की नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे दोघे भाऊ अमेरिकेच्या एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंतची शर्यत पुरी करून आले. पावणेपाच हजार किलोमीटरच्या वर अंतर. एक भाऊ दमला की दुसरा, दुसरा दमला की पहिला, अशी पाळी लावून. दोन वर्षांनी नाशकात नेमणुकीला असलेले लष्करातले डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांनी तीच शर्यत एकट्यानं काढली. पण माझ्या डोक्यात राहिले ते दोघे भाऊ. दोघांनी पाळी लावून अमेरिका पार केली, आणि मला व माझ्या थोरल्या भावाला एका विहिरीची पाळी लावता आली नाही.

ती विहीर वडिलांनी बहात्तरच्या दुष्काळानंतर खोदली. वाटणीत ती दादाच्या वावरात गेली. सातबाऱ्यावर दोघांचा आठ-आठ आणे हिस्सा. माझी पाइपलाइन दादाच्या वावरातून, तीन फूट खोल, वडिलांच्या हयातीत टाकलेली. 2013 च्या दुष्काळात पाण्याची ओढाताण चाललेली, त्यात एका रात्री माझी लाइन दादाच्या कांद्याच्या रोपात फुटली. सकाळपर्यंत रोप वाहून गेलं. दादा म्हणाला, लाइन काढ आणि बांधाच्या कडेनं ने. मी म्हणालो, वडिलांनी टाकलेली लाइन मी हलवणार नाही. त्यानं तोटीला कुलूप घातलं. मी तहसीलला अर्ज दिला. तिथून कोर्ट. तेव्हापासून बोलणं बंद. लग्नकार्यात एका मांडवात पण पाठीला पाठ.

गेल्या वर्षी मार्गशीर्षातली गोष्ट. रविवार होता. मी गेटपाशी तारेची बंडलं बांधत होतो. अर्धा एकर जुनी द्राक्षबाग तोडली होती. अँगल एकीकडं, तार एकीकडं असं चाललेलं. रस्त्यावर एक सायकलवाला खाली उतरून चाकाकडं बघत उभा राहिलेला दिसला. हेल्मेट काढल्यावर ओळखलं. दादाचा मुलगा. नाशकात नोकरीला असतो. रविवारी सायकलवर आईबापाला भेटायला गावात येतो, हे मला ऐकून माहीत होतं. त्यानंही मला बघितलं, आणि पुन्हा चाकाकडं बघायला लागला. मीही तार गुंडाळायला लागलो. किती वेळ असं चाललं असतं सांगता येत नाही. पण ओट्यावरून हिनं हाक मारली, ‘‘अरे ये की आत, उन्हात काय उभा राहतोस!’’

तो आला. ‘‘काकू’’ म्हणून पाया पडला, मग माझ्याकडं वळून ‘‘नाना’’ म्हणून वाकला. मी विचारलं, ‘‘काय झालं?’’

‘‘टायर चिरलाय नाना. तार घुसली.’’

त्यानं बोटभर तारेचा तुकडा दाखवला. द्राक्षबागेची तार. आता आमच्या शिवारात प्रत्येकाचीच बाग असल्यानं तो तुकडा कोणाच्याही ट्रॉलीतून पडला असेल, असं म्हणायला जागा आहे. पण आठवड्यात तार भरलेली ट्रॉली त्या रस्त्यानं माझीच गेली होती.

मी म्हणालो, ‘‘त्यात काय, टायर काढून ट्यूब पॅच करू.’’ तो हसला. ‘‘ट्यूबच नाहीये नाना. ट्यूबलेस आहे.’’

मोटारसायकलीचं ट्यूबलेस मला माहीत होतं. तिथं टायर न काढताच भोकात वात भरतात. सायकलीलाही असं आलंय हे नवीन. त्यानं सांगितलं की आत रबराच्या चिकाचं पांढरं दूध घालतात. बाभळीचा काटा गेला तर ते दूध भोकात येऊन थिजतं आणि भोक आपोआप बुजतं. चालवणाऱ्याला कळतही नाही. पण इथं बाजूनं नखभर चीर गेलेली. एवढी चीर दुधानं बुजत नाही. म्हणून टायरची एक कड रिममधून काढायची, चिरेला आतून ठिगळ द्यायचं, बरोबर आणलेली ट्यूब आत घालायची आणि घर गाठायचं. मोठं काम नव्हतं. फक्त टायर सुटायला पाहिजे होता.

तो सुटेना. हवा सगळी सोडलेली होती. त्याच्याकडं प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या होत्या. एक कडेखाली सरकवली, दुसरी सरकवायला गेला तर पहिली मोडली. दूध जिथं वाळलं होतं तिथं कड रिमला डिंकासारखी बसलेली. मी पाच मिनिटं बघितलं. मग मला राहवलं नाही.

इथं माझं थोडं सांगायला पाहिजे. दहावीच्या आधी दोन सुट्ट्या मी दिंडोरीत एका सायकल दुकानात काढल्या. भाड्याच्या सायकली पुसायच्या, वॉलट्यूब बदलायची, पंक्चर काढायचं. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडा शोधायचा, कानशीनं घासायचं, सोल्युशन लावून फुंकर घालायची, ठिगळ ठोकायचं. त्या काळच्या लोखंडी रिमवर टायर इतका सैल बसायचा की एक पट्टी घातली की बाकीचा हातानं निघून यायचा. उस्ताद बिडी पेटवायचे, ती संपायच्या आत माझा टायर खाली. पुढं पन्नास वर्षं पंपाचे फूटवॉल्व्ह, ब्लोअर, ट्रॅक्टरचे नट, सगळं या हातानं सोडवलेलं. त्यामुळे वीतभर रुंदही नसलेला टायर मला हार जातो का, असं मनात आलं. ‘‘सरक, दे इकडं’’ म्हणालो.

पोरगा म्हणाला, ‘‘नाना, आधी पलीकडून आत दाबायला लागतं.’’ मी ‘हूं’ म्हणालो आणि घरातून मोठा स्क्रू-ड्रायव्हर आणला. ज्या जागी कड थोडी उचललेली होती तिथं घातला आणि जोर लावला. जेवढा जोर लावावा तेवढी कड तारेसारखी ताठ. तो पुन्हा म्हणाला, ‘‘नाना, पलीकडून—’’ मी मोटारीचा पान्हा आणला. पान्हा कडेखाली गेला, मी गुडघा चाकावर रोवला आणि पुरी ताकद लावून दाबलं.

आवाज झाला तेव्हा मला वाटलं सुटला. बघतो तर रिमची कड बोटभर लांबीत मुरडलेली. ॲल्युमिनियम ते. लोखंडासारखं ठोकून सरळ होत नाही.

पोरगा काही बोलला नाही. त्या मुरडीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, ‘‘राहू द्या नाना. होतं असं.’’ त्यानं चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

ही हातात भांड्याच्या साबणाचं पाणी घेऊन आली. तिनं चाक बघितलं, माझ्याकडं बघितलं. ‘‘तो मघापासून काहीतरी सांगतोय, ते ऐका तरी.’’

मग त्यानं जे केलं त्यात ताकदीचं काही नव्हतं. साबणाचं पाणी कडेनं सोडलं. चाक आडवं धरून, जिथं कड काढायची त्याच्या बरोबर समोरच्या बाजूनं सुरुवात केली. दोन्ही अंगठ्यांनी टायर रिमच्या मधोमध ढकलायचा, बाहेर ओढायचा नाही. एका ठिकाणी टक् असा बारीक आवाज झाला आणि कड जागेवरून आत उतरली. तिथून दोन्ही अंगांनी दाबत दाबत पूर्ण गोल फिरून आला. हिनंही पलीकडून दाबलं. मला धरून ठेवायचं काम दिलं. शेवटी मघाशी पान्ह्याला दाद न देणारी जागा आली, तर तिथं टायर सैल पडलेला. उरलेल्या एका प्लॅस्टिकच्या पट्टीनं अलगद बाहेर आला.

मी त्याला विचारलं, असं कसं? त्यानं रिम दाखवली, आणि मला ते एकदम समजलं, कारण ती सरी-वरंब्याचीच रचना होती. रिमच्या दोन्ही कडांना आतून वरंबा असतो. हवा भरली की टायरची कड त्या वरंब्यावर चढून बसते. ट्यूब नाही म्हणजे हवा अडवायचं काम याच बैठकीचं. म्हणून ती घट्ट पाहिजे, आणि कड मागं घसरू नये म्हणून वरंब्याला बारीक उंचवटाही ठेवलेला. रिमच्या मधोमध मात्र सरी असते, खोल. टायरच्या कडेत न ताणणारा धागा असतो, तुम्ही कितीही ओढा, तो दोराभरही लांबत नाही. मग ढील येणार कुठून? सरीतून. वरंब्यावरचा फेर मोठा, सरीच्या तळाचा फेर लहान. समोरच्या बाजूची कड सरीत उतरवली की फेरातली थोडी लांबी उरते. ती हातानं सरकवत सरकवत तुम्ही उभे आहात तिथपर्यंत आणायची. आम्ही जिथं ओढत होतो तिथं ढील नव्हतीच. ती समोरच्या बाजूला होती. आणि समोरची कड वरंब्यावर बसलेली असताना इकडं जेवढा जोर लावावा तेवढी ती तिकडं आणखी घट्ट बसते.

ट्यूब घालून तो गेला. जाताना माझ्या हातातल्या पान्ह्याकडं त्यानं बघितलं नाही.

मला ही गोष्ट इतकी लागली की नंतर मी तिच्याबद्दल थोडं वाचलं, थोडं त्यालाच फोनवर विचारलं. हवेचा टायर 1888 सालचा. बेलफास्टमधल्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरनं आपल्या पोराच्या तीनचाकीसाठी तो केला. पण हे सुरुवातीचे टायर रिमला चिकटवलेले असायचे. फ्रान्समध्ये मिशेलिन म्हणून दोघे भाऊ रबराचा कारखाना चालवायचे (हेही भाऊच, मला आता सगळीकडं भाऊच दिसतात). त्यांच्याकडं एक सायकलवाला पंक्चर घेऊन आला. टायर सोडवून दुरुस्त करायला तीन तास, आणि चिकटवलेलं वाळायला रात्र गेली. सकाळी थोडं अंतर चालवली तर हवा परत गेली. त्यातून त्यांनी 1891 साली सहज काढता-घालता येईल असा टायर काढला, आणि त्याच वर्षी शार्ल तेरों नावाच्या सायकलपटूनं तो घालून पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी बाराशे किलोमीटरची शर्यत जिंकली. म्हणजे सुटणारा टायर ही एकेकाळी जिंकण्याची वस्तू होती. आता पुन्हा न सुटणाऱ्याकडं आलो.

पण याला मी मूर्खपणा म्हणणार नाही. पोरगा सांगत होता, हा टायर कमी हवेवर चालतो, खडीवर धरून राहतो, काट्यांनी थांबत नाही. हे सगळं तो घट्ट बसतो म्हणून. घट्ट धरणं हा त्याचा गुण आहे, आणि अडचणीच्या दिवशी तोच आडवा येतो. वडील असेच होते. बहात्तर साली दुष्काळी कामावर खडी फोडून त्यांनी जमीन धरून ठेवली, एक गुंठा विकला नाही. तीच मूठ पुढं आम्हा दोघा भावांत उतरली.

ढील हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा होता. कासरा ढिला सोडला की बैल रान मोडतो. पोराला ढील दिली की वाया जातं. गड्याला ढील दिली की दहाचे अकरा वाजवतो. चांगल्या अर्थानं हा शब्द मी एकाच ठिकाणी ऐकला, माझ्या आजोळी, येवल्याला. येवल्यात संक्रांतीला तीन दिवस माणसं घरात नसतात, गच्चीवर असतात. माझा मामा आसारी धरायचा आणि ओरडायचा, ‘‘ढील दे, ढील!’’ पेच लागला की नवखा पोरगा घाबरून मांजा ओढतो. मामा सोडत जायचा. पतंग मागं मागं जाऊन ठिपक्याएवढा व्हायचा, समोरच्याला वाटायचं हा हरला, आणि तेवढ्यात त्याचाच पतंग कापून यायचा. म्हणजे मामा ढील द्यायचा ती सोडून देण्यासाठी नव्हे. समोरच्याला कापण्यासाठी.

त्या रविवारनंतर मला हाच प्रश्न पडला. तो अजून पुरता सुटलेला नाही, म्हणून इथं लिहितो.

दादाच्या आणि माझ्या भांडणात आम्ही दोघंही एकाच जागी जोर लावत होतो, पाइपलाइनपाशी. तिथं ढील नव्हती. दादाचं रोप वाहून गेलं होतं आणि माझ्याकडं वडिलांचा शब्द होता. तिथं कोणीच दोराभर हलणार नव्हतं. पण समोरच्या बाजूला एक जागा होती. गावातल्या जुन्या घराशेजारची गोठ्याची जागा, दीड गुंठा, वाटणीत माझ्याकडं आलेली. मी मळ्यात राहायला आलो तेव्हापासून तिथं एक जनावर बांधलं नाही. पत्रे गंजलेत, आत मोडकी तिफण पडलीय. दादाचं घर त्या भिंतीला लागून. याच पोराचं लग्न ठरलं तेव्हा दादानं मामेभावाकडून निरोप धाडला होता, खोल्या वाढवायच्यात, जागा दे, हवी ती किंमत घे. मी उत्तर पाठवलं, आधी पाइपलाइन. आणि पोराचं लग्न त्या तीन खोल्यांतच उरकलं.

ती जागा मी आता द्यावी, हे मला टायरनं शिकवलं असं म्हणता येईल. पण मग ते देणं झालं का? टायरला आपण समोरून ढील देतो ती त्याच्यावर दया येऊन नव्हे. आपल्याला तो काढायचा असतो. चाकाला त्याचं काही वाटत नाही, म्हणून चाकाशी केलेली युक्ती चालते. माणसाला मात्र कळतं. गोठ्याची जागा देऊन पाइपलाइन मोकळी करून घेतली, तर मी मामासारखाच गच्चीवर उभा. वरून दिसायला मोठं मन, आणि हातात काचेचा मांजा.

हिला विचारलं तर ती म्हणाली, ‘‘तुम्हाला जागा द्यायचीय का केस जिंकायचीय, एवढं ठरवा.’’ मी म्हणालो, दोन्ही झालं तर? ती म्हणाली, ‘‘मग राहू द्या.’’ एका भजनीबुवांना विचारलं. ते म्हणाले, देताना हेतू बघू नये, दिलेलं लागतं त्याला लागतं. भुकेल्याला भाकर देणाऱ्याच्या मनात काय होतं यानं भाकरीची चव बदलत नाही. हेही खरं वाटतं. माझ्या मनातला हेतू स्वच्छ होईपर्यंत थांबायचं म्हटलं तर माझं वय आज चौसष्ट, दादाचं अडुसष्ट. हेतू स्वच्छ व्हायचे आणि जागा घ्यायला कोणी नसायचं. दुसरीकडं असंही वाटायचं, की मनात हिशेब ठेवून दिलेली वस्तू माणूस उद्या बोलून दाखवतो. मी दाखवतो, मला माझा स्वभाव माहीत आहे.

महिनाभर असा गेला. रिमची भरपाई तरी करू म्हणून मी नाशकात एका सायकल दुकानात चौकशी केली. आकडा ऐकून मी दुकानदाराला पुन्हा विचारलं, एका चाकाचा का दोन्हींचा? एका क्रेटला काय भाव मिळतो तो धरला तर बारा क्रेट द्राक्षं गेली. पैसे घेतले, गोठ्याची किल्लीही घेतली, आणि संध्याकाळी गावात गेलो. किल्ली खिशात होती ती काढायची की नाही, हे वेशीपर्यंत ठरलं नव्हतं.

दादा ओट्यावर लसूण सोलत बसला होता. मला बघून उठला नाही, ‘ये’ही म्हणाला नाही. वहिनींनी दारातून बघितलं आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी उभ्यानंच सांगितलं, ‘‘पोराच्या सायकलची रिम मी मुरडली. पान्हा लावला. त्याचे पैसे आणलेत.’’

दादा माझ्याकडं बघत राहिला. म्हणाला, ‘‘तो तर म्हणाला खड्ड्यात आपटली.’’

मला बसावं लागलं.

पोरानं घरी माझं नाव घेतलं नव्हतं. माझ्या अंगणात आला होता, हेही सांगितलं नव्हतं. त्याला माझ्याकडून काय मिळणार होतं? काही नाही. नुकसान त्याचं, खोटं बोलायचं ओझं त्याचं, आणि मी येऊन कबूल करीन हे त्याला माहीत असण्याचं कारण नव्हतं. महिनाभर मी ज्यावर डोकं शिणवलं ते त्यानं कोणाला न विचारता करून टाकलं होतं. त्यानंही मनात काही हिशेब धरला असेल का? बापाचं आणि काकाचं आणखी वाढू नये, एवढा असेल. त्याला मी मांजा म्हणू शकत नाही. असंही नाही की त्यामुळे माझा प्रश्न सुटला. तो पोरगा तिशीतला, त्याची विहीर नव्हती, रोप नव्हतं. ज्याचं काही अडलेलं नाही त्याला ढील देणं सोपं जातं. पण एवढं म्हणून मी मोकळा होऊ शकलो नाही, कारण अडलेलं असूनही देण्याची पाळी आता माझी होती.

मी किल्ली काढून लसणाच्या सुपाशेजारी ठेवली. ‘‘गोठ्याची आहे.’’

दादा म्हणाला, ‘‘आणि केस?’’

खरं सांगायचं तर माझ्या मनात त्या क्षणी पाइपलाइन होती. तोटीचं कुलूप दिसत होतं. मी म्हणालो, ‘‘केस केसच्या जागी.’’ हे बोलताना आवाज माझा मलाच परका वाटला.

दादानं किल्ली उचलली, उलटसुलट करून बघितली. ‘‘लिहून घे,’’ म्हणाला. ‘‘जागेचे पैसे मी देणार. फुकट दिलीस तर जन्मभर ऐकवशील.’’ म्हणजे माझा स्वभाव त्यालाही माहीत. रिमचे पैसे त्यानं हातानं माझ्याकडं परत सरकवले; ते त्या पोराशी बघ, म्हणाला. पोरानंही घेतले नाहीत. ते अजून हिच्या डब्यात आहेत.

जागेचा कागद उन्हाळ्यात झाला. दादानं पत्रे उतरवले. तिफण मला परत पाठवली, सोबत तिचा गंजलेला फाळही, वेगळा बांधून. पाइपलाइनचं कुलूप तसंच आहे. मी पाणी बोअरचंच वापरतो. दोनदा दादा बांधापर्यंत येऊन, कडेनं लाइन न्यायची तर किती पाइप लागतील, असं आकाशाकडं बघत बोलून गेला. मी आकडा सांगितला. त्यापुढं काही झालं नाही. मीही विचारलं नाही. विचारावंसं रोज वाटतं.

गड्यांना मी सांगून ठेवलंय की तारेचा तुकडा रस्त्यावर दिसला तर उचलायचा. रविवारी सकाळी मीच गेटपासून मोरीपर्यंत एक चक्कर मारतो. पोरगा आता येताना आधी मळ्यात थांबतो, चहा घेतो, मग गावात जातो. त्यानं प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या मला दिल्यात. विळ्याशेजारी खिळ्याला अडकवल्यात. अजून कामाला आल्या नाहीत.

मागच्या तारखेला दादा आणि मी एकाच एसटीनं दिंडोरीला गेलो. केस आमचीच, एकमेकांवर. त्याला पासष्टच्या वरचं अर्धं तिकीट लागतं, मला अजून पूर्ण. दोन्ही तिकिटं त्यानंच काढली, आणि माझं महाग पडतं म्हणून कुरकुरला.